कीबोर्डावरची अतिवृष्टी

जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. पैठणहून निघालेलं पाणी परभणी जिल्ह्यात येईपर्यंत वाटेत इतक्या ठिकाणी मुरतं, झिरपतं, उपसलं जातं आणि रात्रीतून वळवलं जातं, की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला कालव्यात पाण्यापेक्षा वेड्या बाभळीच जास्त दिसतात. ‘आधी टेलला, मग हेडला’ हा पाटबंधारे खात्याचा नियम आहे. नियम चांगला आहे. कागद कोरडा असेपर्यंत तो वाचताही येतो.

आता हेच पाणी तांब्याभर घ्या आणि कॉम्प्युटरच्या टेबलावर सांडा. चारी नाही, उपचारी नाही, पाटकरी नाही, पाणीवापर संस्था तर नाहीच नाही. तरी ते पाणी आधी माउसपॅडखालून जाईल, स्टेपलरला वळसा घालील, सनमायका जिथं फुगलाय तिथून उतार धरील, वायरींसाठी पाडलेल्या मागच्या भोकातून खाली उतरेल आणि एक्स्टेंशन बोर्डावर जाऊन थांबेल. टेलला पाणी पोचवायला इथं मंत्रालयात बैठक लागत नाही. पाहिजे तिथं पाणी येत नाही हे मराठवाड्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. नको तिथं ते किती शिस्तीनं येतं, हे कॉम्प्युटर गावात आल्यावर कळलं.

परभणीहून जिंतूरकडं निघालं की रस्त्यावर झरी लागतं. परभणी तालुक्यातलं मोठं गाव, महसूल मंडळाचं ठिकाण. आजूबाजूच्या खेड्यांतला माणूस कागदाच्या कामाला अशाच गावात येतो, आणि कागदाचं काम आता कागदावर होत नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, आधारला मोबाईल जोडणं, सगळं एका टेबलावर. अशा गावातलं कुठलंही सेवा केंद्र घ्या, टेबल एकच असतं. त्यावर मॉनिटर, कीबोर्ड, अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर, त्यावर झेरॉक्सचे गठ्ठे, गठ्ठ्यावर कुणीतरी ठेवलेली गाडीची चावी, एका कोपऱ्यात उदबत्तीचं घर आणि या सगळ्याच्या मधोमध, राज्यघटनेनं आरक्षित केल्यासारखी, चहाच्या कपाची जागा. ही जागा नेहमी उजव्या हाताला, माउसच्या शेजारी असते. माउस हलला की कप हलतो. कप हलला की कामकाज थांबतं.

आणि कप तरी कुठला? कप नंतर येतो. आधी येते पन्नी. हॉटेलवाल्यानं उकळता चहा पातळ पन्नीत ओतून, वर गच्च गाठ मारून पाठवलेला असतो, सोबत बोटभर उंचीचे कागदी कप. ही गाठ सोडणं ही ग्रामीण महाराष्ट्रातली सगळ्यात धोक्याची तांत्रिक क्रिया आहे आणि ती कायम कीबोर्डाच्या बरोबर वर, हवेत केली जाते. पन्नी हाताला पोळते म्हणून एक जण वरून गाठ धरतो, दुसरा खालून कप धरतो, तिसरा सूचना देतो. गाठ सुटत नाही. मग कुणीतरी दातानं खालचा कोपरा फाडतो. पन्नीला धार लागते आणि त्या धारेला कुठं जायचं ते आधीच ठरलेलं असतं.

“सांडलं का?”

“नाही नाही, थोडंच.”

‘थोडंच’ म्हणजे किती, हे मोजायला हरकत नाही. आपण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजणारी माणसं आहोत. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खात्याच्या लेखी ती अतिवृष्टी. त्याखाली झाला तर तुमचं सोयाबीन पाण्यात उभं असलं तरी तो नुसता पाऊस. हाच निकष कीबोर्डाला लावू. साधा कीबोर्ड साधारण 45 सेंटिमीटर लांब आणि 15 सेंटिमीटर रुंद धरा. त्यावर एक मोठा कप, म्हणजे 100 मिलिलिटर चहा सारखा पसरला, तर थर होतो जेमतेम दीड मिलिमीटरचा. भुरभुर. अतिवृष्टी जाहीर व्हायला त्या कीबोर्डावर जवळपास साडेचार लिटर चहा ओतावा लागेल, आणि तोही 24 तासांच्या आत.

बरं, ओतला. पुढं पंचनामा. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तरच मदत मिळते. कीबोर्डाला 104 बटणं, म्हणजे किमान 35 बटणं मेलेली दिसली पाहिजेत. नुसतं एंटर गेलं तर नुकसान एक टक्कासुद्धा भरत नाही. एंटर गेलेल्या माणसानं शेत विकायला काढावं अशी त्याची अवस्था असते, पण नियमात ते बसत नाही.

एक टक्क्याचं नुकसान काय करतं ते इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्याला विचारा. त्या कीबोर्डात डी या बटणावर हलन्त असतो, म्हणजे जोडाक्षराचा पाय मोडायचा तो. शिफ्ट दाबून तेच बटण दाबलं की ‘अ’ येतो. चहा नेमका डी वर पडला आणि बटण बसलं, की मराठीतली सगळी जोडाक्षरं एका दुपारी सुटी होतात. ‘उत्पन्न’ लिहायला घेतलं की ‘उतपनन’ उमटतं. ‘प्रमाणपत्र’ ‘परमाणपतर’ होतं. ‘राष्ट्रीयत्व’ ‘राषटरीयतव’ होतं, आणि ‘अर्ज’ या शब्दातला अ आणि पाय दोन्ही जाऊन नुसती ‘रज’ उरते. केंद्रावरचा पोरगा घामाघूम होऊन बटण ठोकत असतो आणि समोरचे आबा म्हणतात, “असू दे रे, आमच्या बोलण्यात तसंच हाय, दे छापून.” आबांचं म्हणणं व्यवहाराला धरून असतं, पण तहसीलमध्ये ते चालत नाही.

पाणी नुसतं पन्नीतून येतं असं नाही. पावसाळ्यात ते माणसांच्या अंगावरून येतं. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि दोन खरीप हंगाम जुलैअखेरीला केंद्रांपुढं जत्रा भरली. 2024 च्या जुलैत त्यात लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची भर पडली. म्हणजे सरकारी योजना, मुदतीचे शेवटचे दिवस आणि मृगाआर्द्राचा राहिलेला पाऊस, हे तिन्ही एका दहा बाय बाराच्या खोलीत. दारात छत्र्या, खताच्या पोत्यांच्या खोळी, चिखलाचे पाय. छत्री बाहेर ठेवली तर जाते, म्हणून ती काखेत धरून माणूस टेबलावर वाकतो: “माझा नंबर आला का बघ ना.” नंबर आलेला नसतो. छत्रीच्या काड्यांवरून मात्र पाणी नंबर न लावता आलेलं असतं. मग पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून तिसरी, तिच्यातून फडक्यात बांधलेलं आधार कार्ड निघतं. ते भिजलेलं असतं, म्हणून कोरडं व्हायला ते ठेवायची सगळ्यात उबदार जागा म्हणजे मॉनिटरचा माथा किंवा लॅपटॉपचा कीबोर्ड. या सगळ्यात सर्व्हर डाऊन असतो ही एका परीनं देवाची कृपा. त्यामुळं कुणी काही दाबत नाही.

अंगठ्याच्या यंत्राचं दुःख वेगळंच. खुरपं, दोर आणि रुमणं धरून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. पोरगा सांगतो, “मामा, बोट पुसून ठेवा.” मामा बोट आधी जिभेला लावतात, मग धोतराला पुसतात, मग पुन्हा जिभेला लावतात आणि काचेवर असं दाबतात की यंत्र टेबलात रुतावं.

“मामा, थुका लावू नका!”

“मग उमटंल कसं? नोट मोजताना उमटतंय की.”

यंत्राची काच दिवसभर ओली. संध्याकाळी पोरगा तिला फडक्यानं पुसतो, आणि ते फडकंही ओलंच असतं, कारण दुपारी त्यानंच चहा पुसलेला असतो.

आता थोडं पाण्याची बाजू घेऊन बोलतो, कारण त्याची बाजू कुणीच घेत नाही. अगदी शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे. प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातित पाणी बंद कॉम्प्युटरवर पडलं आणि पुरतं वाळलं, तर बहुधा काही होणार नाही. पण आपल्याकडं प्यायला शुद्ध पाणी मिळत नाही तिथं सांडायला कुठून आणणार? बोअरचं पाणी म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराईड आणि नशिबात असेल ते. नळाच्या तोटीवर, बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो, तोच थर मदरबोर्डावर बसतो. वीज चालू असताना हे खारं पाणी दोन तारांच्या मधे आलं, की वीज नसत्या वाटेनं धावते आणि तांब्याच्या बारीक रेघा खायला लागते. काही दिवसांनी उघडून बघा, हिरवट बुरशीसारखं काहीतरी दिसेल. मारतात ते क्षार आणि चालू वीज. पाण्यानं फक्त दोघांची गाठ घालून दिलेली असते.

चहा याच्याही पुढचा. त्यात पाण्याचे सगळे गुण असून वर दूध आणि साखर. पाणी निदान उडून जातं. साखर बसून राहते आणि बटणाखाली चिकटते. स्पेस बार दाबला की तो वर यायला वेळ घेतो, आणि वर आला की एकदम सोळा जागा सोडतो. तिसऱ्या दिवशी मुंग्या येतात. एफ आणि जी यांच्या फटीतून आत जाणारी ती शिस्तबद्ध रांग पाहिली, की केंद्रातल्या माणसांच्या रांगेची लाज वाटते. या बाबतीत एक गोष्ट अनुभवानं सांगावीशी वाटते: ज्याला साखरेचा आजार आहे त्याचा चहा कॉम्प्युटरला जास्त मानवतो. केंद्रात चहा मागवायचाच तर अशाच माणसाच्या नावानं मागवावा.

सांडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात माणसं काय करतात हे पाहण्यासारखं असतं. सगळ्यात आधी कागद उचलतात. दहा रुपयांची झेरॉक्स वाचवायला चार हात एकदम पुढं येतात. मग कप उभा करतात, जणू आता तो उभा राहून उपयोग आहे. मग ज्याच्या कोपराचा धक्का लागला तो सोडून बाकी सगळ्यांचं एकमत होतं की धक्का त्याचाच लागला. मग फडकं शोधलं जातं. फडकं कीबोर्डावर असं फिरवतात की वरचा चहा व्यवस्थित बटणांच्या आत भरला जावा. या सगळ्यात बिचारी वीज चालूच असते. आणि शेवटी ते वाक्य येतं, “चालू होतंय का बघू बरं.”

पाण्यानं मेलेल्या कॉम्प्युटरांपेक्षा या वाक्यानं मेलेले जास्त असावेत असं माझं ठाम मत आहे. ओला लॅपटॉप बंद पडला होता, म्हणजे तो जगण्याच्या वाटेवर होता. त्याला आठ जणांच्या समक्ष पुन्हा बटण दाबून उठवला. उठला, निळा पडला आणि गेला. वर म्हणायचं, “होता थोडा जीव, पण नाही वाचला.”

यानंतर उपचार. मोबाईल भिजला तर तांदळात ठेवावा, हे ज्ञान इंटरनेटनं आपल्याला दिलं. आपण ज्वारीवर वाढलेली माणसं. घरात तांदूळ असतो तो सणापुरता किलोभर, ज्वारी मात्र पोत्यानं. त्यामुळं इकडं फोन ज्वारीच्या पिंपात जातो आणि आजीला भाकरीचं पीठ काढताना सापडतो. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि हैदराबादच्या इक्रिसॅटनं मिळून ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण काढलं. 2018 साली आलेल्या या वाणात लोह आणि जस्त जास्त आहे. भिजलेला फोन परभणी शक्तीत ठेवला तर तो वाचेल की नाही ते सांगता येत नाही, पण त्याला रक्तक्षय होणार नाही. बाकी तांदूळवाल्यांचा आधार आता गेलाय. अ‍ॅपलनंच 2024 च्या जानेवारीत सांगून टाकलं की आमचा फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात. साधं वारं लागू द्या म्हणाले. एवढं साधं सांगायला एवढी मोठी कंपनी लागली, कारण माणसाला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही.

वारं लागू द्या म्हटलं की आपल्याकडं ऊन आठवतं. मे महिन्यात परभणीचा पारा 44 च्या आसपास खेळत असतो. गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे, आणि त्यांच्या ओळीत शेवटी एक उघडा लॅपटॉप. कावळे येऊ नयेत म्हणून वर जुनी साडी. संध्याकाळी कुरडया कडकडीत वाळतात आणि लॅपटॉपचं झाकण कुरडईसारखं वाकडं होतं. सावलीत, उलटा, तंबूसारखा उघडून दोन-तीन दिवस ठेवायचा एवढंच काम आहे. पीक विम्यात नुकसान 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. इथं 72 तास काहीही करायचं नसतं. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे.

अपघाताचं पाणी एक वेळ समजू शकतं. श्रद्धेच्या पाण्याचं काय करायचं? खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. नांगर, खुरपं, कुऱ्हाड पुजायची ती रीत. आता पोट ज्याच्यावर चालतं तो कॉम्प्युटर पुजतात, आणि यात गैर काहीच नाही. सकाळी पोरगा लवकर येतो, कधी नव्हे ती टेबलावरची धूळ झाडतो आणि तांब्याभर पाण्यात आंब्याचा डहाळा बुडवून चहूकडं शिंपडतो. वर्षभर ज्यानं ‘इथे पाणी ठेवू नये’ अशी पाटी लावली तोच. मग सीपीयूला हळदीकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार. हार टवटवीत राहावा म्हणून रात्रभर पाण्यात ठेवलेला असतो, तो पडद्यावरून हळूहळू निथळतो. पंख्याच्या जाळीला कुंकवाचं बोट लावलं जातं आणि पंखा ते आत ओढून घेतो. एवढ्यावर थांबलं तर बरं, पण नारळ फोडायचा राहतो. उंबऱ्यावर फोडला तर देवाला दिसणार नाही असं वाटून काही जण टेबलाच्या पायाशी, म्हणजे सीपीयूच्या दारात फोडतात. उन्हाळ्यात अशक्त माणसाला नारळपाणी देतात ते त्यात पोटॅशियम आणि इतर क्षार असतात म्हणून. नेमक्या त्याच कारणानं ते मदरबोर्डाला देऊ नये.

आणि कूलर! परभणीत उन्हाळा काढायचा तर कूलरशिवाय इलाज नाही. पत्र्याचा, मागं वाळ्याचे पडदे नाहीतर लाकडाचा भुसा भरलेला, टाकीत टुल्लू पंप. त्याच्यापुढं बसलं की हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार येतात. माणसाला ते सुखाचे वाटतात. प्रिंटरला नाही. कागद दमट होतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, मधेच अडकतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, “कूलर जरा इकडं फिरवा.” पोरगा आणि गिऱ्हाईक यांच्यात थंडगार हवेचा वाद असतो आणि निकाल प्रिंटरच्या विरुद्ध लागतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या कॉम्प्युटरांची गोष्ट याच्या उलटी. ते जपण्यानं गेले. सुरुवातीच्या काळात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं असायचं. गुरुजींच्या डोक्यावर पंखा नसला तरी कॉम्प्युटरला कुलूप, खिडक्या बंद, वर मेणकापड. पोरांना आत न्यायचं ते तपासणीच्या दिवशी. पावसाळ्यात पत्रा गळला की पाणी मेणकापडावर साचायचं आणि उघडताना नेमकं आत सांडायचं. गळलं नाही तरी बंद खोलीतली दमट हवा आपलं काम करायची. रोज चालणारं यंत्र स्वतःच्या उबेनं स्वतःला कोरडं ठेवतं. पुजून ठेवलेलं गंजतं. मग एक दिवस बटण दाबलं की पडद्यावर अंधार आणि आतून नुसत्या शिट्ट्या. त्यावर आपल्या लोकांनी शोधलेला उपाय मला कुठल्याही संशोधनाइतका थोर वाटतो: रॅम काढा, तिची सोनेरी कड खोडरबरनं घासा, फुंकर मारा, परत बसवा. बहुतेक वेळा चालू होतं. 2001 साली एमकेसीएल आली, पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, लाखो पोरं-पोरी माउस धरायला शिकली. पण खोडरबर कुठल्याच धड्यात नव्हता आणि पन्नीची गाठ कशी सोडायची हेही नव्हतं. त्यांना फ्लॉपीचे प्रकार मात्र पाठ होते.

आता कुणी म्हणेल, ही खेड्यातली तऱ्हा. तसं नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे आपण, तर जगाचंही बघू. अमेरिकेतल्या क्रे कंपनीनं 1985 साली क्रे-2 नावाचा महासंगणक काढला. तो इतका तापायचा की त्याचे आतले भाग एका द्रवात बुडवूनच ठेवले होते. तो द्रव वीजवाहक नव्हता ही गोष्ट अर्थात महत्त्वाची. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत 2018 साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला. मान्सून कसा येईल याचं गणित करायचं हे त्याचं काम होतं. हे यंत्रही हवेच्या जोडीला द्रवानं गार ठेवावं लागणाऱ्या जातीचं. म्हणजे आमच्या झरी मंडळात पाऊस पडेल का हे सांगणाऱ्यालाच आधी गारव्याची सोय लागते. मायक्रोसॉफ्टनं तर 2018 मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ 864 सर्व्हर एका बंद नळकांड्यात घालून समुद्राच्या तळाशी सोडले. दोन वर्षांनी बाहेर काढून मोजलं, तर जमिनीवरच्या सर्व्हरांच्या मानानं तिथं बिघडण्याचं प्रमाण आठव्या हिश्शावर आलेलं. कारण काय सांगितलं? आत ऑक्सिजनऐवजी कोरडा नायट्रोजन होता, आणि माणसं नव्हती. हात लावायला, धक्का द्यायला, कप ठेवायला कुणी नव्हतं. माणसाशेजारी कोरडं राहण्यापेक्षा समुद्राच्या तळाशी राहणं कॉम्प्युटरला सुरक्षित पडलं, हे सिद्ध करायला त्यांनी केवढा खर्च केला. झरीत कुणीही फुकट सांगितलं असतं.

याच्या उलट 2023 च्या एप्रिलात पॅरिसमध्ये गूगलचे सर्व्हर असलेल्या एका डेटा सेंटरात गार करायचं पाणी गळालं, ते बॅटऱ्यांच्या खोलीत शिरलं आणि तिथं आग लागली. पाण्यानं आग लागली! तिकडची एवढी मोठी व्यवस्था, एवढे इंजिनियर, आणि पाण्यानं वाट शोधली ती थेट बॅटरीकडं. म्हणजे टेलला आधी. 2024 च्या सप्टेंबराच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी जिल्ह्यात जो पाऊस कोसळला, त्यात ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं त्यांना ही पॅरिसची बातमी नवी वाटणार नाही. त्यांचे इन्व्हर्टर खालीच ठेवलेले असतात. का, तर जड असतात म्हणून.

हे सगळं शेवटी परभणीच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन पोचतं. तिथल्या काउंटरवर रोज एकच नाटक होतं. आलेल्या एकाही लॅपटॉपवर कधी काहीही सांडलेलं नसतं. “आपोआप बंद पडला.” “चार्जिंगला लावला अन् गेला.” दुकानदार काही बोलत नाही, मागचे स्क्रू काढतो. बऱ्याच यंत्रांत एक पांढरा चिमुकला स्टिकर असतो, ओल लागली की तो लाल होतो, आणि लाल झाला की वॉरंटी संपते. तो लाल असतोच. दुकानदार तो नखानं दाखवतो. मग पाच सेकंद शांतता, मग, “म्हणजे, लहान पोरानं कदाचित…” या जिल्ह्यातल्या लहान पोरांनी इतका चहा सांडला असेल यावर माझा विश्वास नाही. त्यांना चहा मिळतोच कुठं? त्यापेक्षा खरं सांगितलं तर दुकानदाराला कुठून सुरुवात करायची ते कळतं. साधं पाणी असेल तर वाळवून, स्पिरिटनं पुसून भागतं. चहा असेल तर बोर्ड टूथब्रशनं घासून धुवावा लागतो. होय, धुवावा लागतो. ज्या पाण्यानं घात केला त्याचीच बहीण शेवटी कामाला येते. आणि उसाचा रस असेल तर तो नुसता तुमच्याकडं पाहतो.

तेव्हा केंद्र चालवणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं आहे. सांडलं, तर कागद सोडा, आधी पिन उपटा, लॅपटॉप असेल तर बटण दाबून धरून तो पुरता बंद करा, उलटा करा आणि ‘चालू होतंय का बघू’ म्हणणाऱ्याला चहा प्यायला हॉटेलात पाठवा. खंडेनवमीला कुंकू टेबलाच्या पायाला लावा, नारळ रस्त्यावर फोडा. आणि लॅपटॉपवर थेट टाइप करू नका. त्याच्या कीबोर्डाला हजाराच्या वर लागतात, बोर्ड गेला तर दाखल्यांची वर्षाची कमाई लागते. बाजारात तीन-चारशे रुपयांना वायरचा साधा कीबोर्ड मिळतो. तो समोर लावा, लॅपटॉप मागं सरकवा, आणि काय सांडायचं ते त्याच्यावर सांडा.